अक्कांची पाठ

लग्न होऊन मी मोहोळहून सोलापुरात आले, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई अंथरुणावर होत्या. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. शुक्रवार पेठेत खाली आमचं चादरींचं दुकान, वर तीन खोल्या आणि मागं धुणं धुण्यापुरतं अंगण.

माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी पाण्याची घागर घेऊन जिना चढताना अक्कांचा पाय घसरला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पाठ लचकलीय, पंधरा दिवस फळीवर निजा. पंधरा दिवसांनी दुखणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. सासूबाईंची एक बहीण म्हणे अशाच दुखण्यातून लवकर उठली आणि जन्मभर वाकून चालली. त्यामुळं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, की पाठ पूर्ण बरी होईस्तोवर अक्कांनी उठायचं नाही. मोरीपर्यंत जायचं तेवढं त्यांना धरून.

मला हे कुणी नीट सांगितलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की मी पहाटे उठून नळावर रांगेत उभी राहते, आठ माणसांच्या भाकरी थापते, आणि एक धडधाकट दिसणारी बाई दिवसभर पडून असते. चेहरा तर चांगला भरलेला होता. गळ्यापर्यंत चादर ओढलेली असायची, त्यामुळं बाकी काही दिसायचं नाही. तीन महिने झाले, चार झाले. मी मनात म्हणायचे, लचकलेली पाठ चार महिने दुखते होय?

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. दुपारी सासूबाई आतल्या खोलीत झोपायच्या, पुरुष दुकानात, आणि मी मागच्या अंगणात धुणं धुवायला जायची. परत आले की अक्कांच्या खोलीत काहीतरी बदललेलं असायचं. कधी खिडकीचं दार सरकलेलं, तर कधी उशाचा तांब्या कोनाड्यात. एकदा भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, तेलकट बोटांचे डाग दिसले. सासूबाई रोज सकाळी अक्कांच्या पाठीला तेल लावत, हाताला लावत. दुसऱ्या दिवशी आणखी दोन डाग, दाराच्या अंगाला.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू घरात नवीन हायस. सुम्मनिरु." गप्प राहा, असं कानडीत सांगितलं की विषय संपला, हे मला तोवर कळलं होतं.

पण मला राहवलं नाही. एका दुपारी धुण्याची बादली घेऊन निघताना मी अक्कांच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मूठभर ज्वारीचं पीठ चाळणीनं पसरलं. अगदी पातळ, शहाबादी फरशीवर दिसेल न दिसेल असं. त्यांचा डोळा लागला होता. धुणं मी घाईघाईत बुचकळलं आणि वर आले. पिठात पावलं उमटली होती. पाच-सहा, दारापर्यंत आणि परत.

मला आनंद झाला. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा आनंदच झाला होता. मी सासूबाईंना हलवून उठवलं. "आत्या, चला, दाखवते तुम्हाला. तुमच्या थोरल्या सूनबाई दुपारच्या फिरतात."

सासूबाई दारात येऊन बघत राहिल्या. अक्का डोळे उघडून वर आढ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता अक्कांना बोलणी बसणार आणि उद्यापासून निम्म्या भाकरी त्यांच्याकडं जाणार. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, मोडून घ्यायचीय काय पाठ? माझ्या बहिणीसारखी वाकून मरणार हायस?" आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची चटई अक्कांच्या उंबऱ्यात आडवी टाकली. दुपारची झोप तिथंच. मी वाकून पीठ पुसायला लागले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की डाव्या पावलाच्या पुढं लांब फराटा आहे. पाऊल उचललेलं नव्हतं, ओढलेलं होतं. हेही नाटकच असेल, असं म्हणून मी फडकं पिळलं.

पुढं महिनाभर अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ताट ठेवायची, त्या बघायच्यासुद्धा नाहीत. मग सासूबाईंना माढ्याला त्यांच्या भाचीच्या बाळंतपणाला जावं लागलं आणि अक्कांचं अंग पुसायचं काम माझ्याकडं आलं.

मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवरचा पदर काढला आणि हातातलं ओलं फडकं तसंच राहिलं. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस म्हणून नव्हतंच. मधे मणके एकेक मोजता येतील असे वर आलेले, आणि बाजूला खोल पन्हळी. मांड्या माझ्या दंडाएवढ्या. वर नुसता चेहरा तेवढा भरलेला.

"अक्का, हे कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "तांब्या उचलताना हात कापायला लागला, तेव्हापासून. पहिलं दुखणं निराळं होतं गं, सुरीनं टोचल्यासारखं. ते थांबलं. आता बसलं की सगळी पाठ खाली ओघळल्यासारखी होते. म्हणून भिंतीला धरून चालून बघत होते, पाय माझेच हायत की न्हाईत ते."

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

"कुणाला सांगू? आत्या रोज तेल लावतात, त्यांना दिसतंय, पण म्हणतात दुखण्यानं वाळलीस, उठू नको. आणि तू पीठ पसरत होतीस."

मी पाठ पुसायला लागले, तशा त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "एक विचारू? तू दुधात काय घालतीस?"

"दुधात? साखर."

"खरं सांग."

तेव्हा सगळं बाहेर आलं. मी आल्यापासून त्या वाळत चालल्या होत्या, म्हणून त्यांनी आपला हिशेब जुळवला होता. धाकटी आली, किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या, आता मला अक्कलकोटला माहेरी पाठवणार नाहीतर इथंच संपवणार. मी दिलेलं दूध त्या रोज खिडकीतून पन्हाळ्यावर ओतत होत्या. वरण मांजरीला. भाकरी तेवढी खायच्या, कारण ती सगळ्यांच्या परातीतली. मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते आणि त्या माझ्यावर. दोघींनाही आपलंच खरं वाटत होतं.

मला आधी संतापच आला. मग मी स्वयंपाकघरातून दुधाची वाटी आणली, त्यांच्यासमोर अर्धी प्यायले आणि उरलेली पुढं धरली. त्यांनी वास घेतला, माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि थोड्या वेळानं प्यायल्या. त्या थोड्या वेळात मला काही होतंय का, हे त्या बघत होत्या, हे मला कळत होतं.

सासूबाई परत यायच्या आत आम्ही टांगा करून सरकारी दवाखान्यात गेलो. थोरले भावजी, म्हणजे अक्कांचे मालक, बरोबर होते, ते सारखे म्हणत होते, "आईला काय सांगायचं?" तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, तिशीच्या, आवाज एकदम खणखणीत. त्यांनी अक्कांना पालथं निजवलं, दोन्ही अंगठ्यांनी कण्याच्या बाजू दाबून बघितल्या आणि विचारलं, "किती दिवस झोपून?"

"सहावा महिना," मी म्हणाले.

"लचक तर केव्हाच भरून आलीय. पाठ धरून ठेवणारे स्नायूच झिजलेत. मग सगळा भार हाडांवर आणि सांध्यांवर येतो. तो दुखणारच. दुखतं म्हणून झोपायचं, झोपलं की आणखी झिजायचं, झिजलं की आणखी दुखायचं. आणि खायलाही नीट घालत नाही का घरात?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणाले, "घालतो. आता त्या खातील."

सासूबाई आल्या आणि घरात वादळ झालं. "ती दवाखान्यातली बाई स्वतः कधी बाळंत तरी झालीय का? तिला पाठ काय कळते?" मला तर त्यांनी सरळच विचारलं, "तुला कामाला माणूस पाहिजे म्हणून हिला उठवतीस व्हय?" यावर मी हो म्हणावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. थोडं खरं होतंच की.

व्यायाम अगदी साधे होते. उताणं निजून, गुडघे उभे करून कंबर उचलायची. पालथं निजून एक हात, एक पाय उचलायचा. मग भिंतीला धरून उभं राहायचं. पहिल्या दिवशी अक्कांची कंबर फळीपासून वीतभरही उठली नाही आणि त्या रडल्या. चार दिवस दुखणं वाढलं. त्या चार दिवसांत भावजींनी मला चार वेळा विचारलं, "नक्की असंच सांगितलं होतं ना बाईंनी?" मी पुन्हा जाऊन विचारून आले. जेवण आम्ही दोघींनी एका ताटात सुरू केलं, प्रेमानं नव्हे, खात्री म्हणून. भिजवलेले हरभरे, शेंगा, घट्ट वरण. पहिला घास माझा, मग त्यांचा. दीडेक महिन्यानं त्यांनी पहिला घास उचलला आणि लक्षात आल्यावरही हात थांबवला नाही.

दसऱ्याला त्या जिना उतरून दुकानात गेल्या. घागर पुन्हा उचलली नाही, कळशी उचलायच्या. थंडीत पाठ धरायची ती धरायचीच. पण मणके मांसाखाली गेले आणि पाय उचलून पडायला लागला.

दोन वर्षांनी माझं पहिलं बाळंतपण अवघड झालं आणि मलाच खाटेवर पडून राहायला सांगितलं. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवस उलटून गेले तरी सासूबाई मला उठू देईनात. एका सकाळी अक्का दार लोटून आत आल्या, माझी चादर बाजूला केली आणि दंडाला धरून म्हणाल्या, "ऊठ. हितनं खिडकीपर्यंत चल."

अंग सगळं ठणकत होतं. क्षणभर मनात आलं, ही आता त्या पिठाचं उट्टं काढतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बाळ पाळण्यात कुरकुरत होतं. मी खाटेची कड धरली आणि पाय खाली सोडले.