फळीला बांधलेला हात

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पहिल्या बाळंतपणात माझं रक्त फार गेलं. मुलगी सुखरूप होती, पण मला अमरावतीच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. आजच्यासारखी मऊ नळी शिरेत ठेवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. पोलादी सुई, रबरी नळी आणि वर टांगलेली काचेची बाटली. बाटलीत रक्तदाब सावरायचं औषध घातलेलं. सुई हलू नये म्हणून डावा हात लाकडी फळीला बांधला. सिस्टर हातातल्या हिरव्या बांगड्या काढू म्हणाली, आईनं काढू दिल्या नाहीत. मग त्या कोपराकडे सारून पंजाच्या पाठीवर सुई बसवली. "सूज दिसली की लगेच हाक मारा," एवढं आईला बजावून सिस्टर गेली.

माझा नवरा धारणीकडे जंगलखात्यात नोकरीला होता. नाल्यांना पूर, मोटारी बंद, तार केली तिचं उत्तर नाही. माझे वडील गेले त्या सकाळी दर्यापूरच्या घरी आईच्या हातातली बांगडी फुटली होती. तेव्हापासून बांगडी म्हणजे नवऱ्याचा जीव, हे तिनं पक्कं धरून ठेवलं होतं.

फळीला बांधलेला हात तिला बघवेना. तिरडीवरचा वाटतो म्हणाली, आणि त्यावर जुनं लुगडं पांघरून बसली. आता डोंबलाचं लक्ष ठेवणार! हात आधी चुरचुरला, मग ठणकायला लागला.

"माय, हात जळून राहिला माहा."

"सुई हाय, दुखनच. हलू नको."

सिस्टरनं येऊन लुगडं बाजूला केलं तेव्हा सुई शिरेबाहेर होती आणि औषध मांसात उतरत होतं. पंजा टम्म फुगलेला, बांगड्या खाली घसरून मनगटात रुतलेल्या, बोटं निळी. तिनं घाईघाईनं सुई काढली, फळी सोडली, साबण लावून पाहिला. बांगडी हलेना. ती बांगड्या फोडायला चिमटा घेऊन आली तशी आई आडवी आली.

"फोडाले हात लावू नका, बाई. जावई जंगलात हाय, त्याचा पत्ता नाई."

"अहो, पोरीचा हात जाईल!"

"जाऊ द्या!"

ते ऐकलं आणि मला आईचीच भीती वाटली. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली, पण ते ऑपरेशनला उभे होते. तेवढ्यात बोटांतलं दुखणं थांबलं. थांबलं कसं, याची धडकी भरली. अंगात त्राण नव्हतं, राग मात्र होता. मी हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. काचा उडाल्या. आई अशी ओरडली की अख्खा वॉर्ड उठून बसला.

हात वाचला. पंजाच्या पाठीवरची कातडी काळी पडून गळाली आणि करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट आत वळलं ते कायमचं.

पूर ओसरल्यावर नवरा आला. चिखलानं माखलेला, पण धडधाकट. त्याला पाहून आई मटकन खाली बसली. मला मात्र संताप आवरेना. वाकडा पंजा मी तिच्यापुढे धरला.

"पाह्य, जिता हाय तो. आता मले माही बोटं दे."

तिनं माझी बोटं हातात घेतली, सरळ करून पाहिली. ती होईनात.

"तुह्या बापासाठी म्या दोनी हात देले असते वं," ती म्हणाली.