दोन सीटांच्या गाडीची राखण

मद्रासच्या मैलापुरात देवळाभोवतीच्या रस्त्यावर, सरोजाबाईंच्या दारापुढे, लाल रंगाची, उघड्या टपाची, दोनच सीटांची एक इंग्रजी गाडी उभी असे. नवऱ्याच्या ऑफिसातला गोरा साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला होता. आता ती गाडी नवऱ्याची, वादिराजरावांची होती, म्हणजे रविवारी सकाळी त्यांची होती. उरलेले सहा दिवस ती सरोजाबाईंच्या गळ्यात असे.

राव ऑफिसातून उंटावरून शेळ्या हाकत. समोरच्या माडाचा नारळ पिकला का बघ, गायीला अंग घासू देऊ नकोस, कावळा दिसला की हाकल. सरोजाबाई ओट्यावर भाजी निवडत डोळ्यांत तेल घालून राखण करत. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटायच्या आत गाडीवर कापड पडलेच पाहिजे, कारण खारा वारा पत्रा खातो. सरोजाबाईंना काय खातं, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

बारा वर्षांत त्या एकदाही गाडीत बसल्या नव्हत्या. दुसऱ्या सीटवर हत्यारांची पेटी, पाण्याचा डबा आणि जादा कापड असे. शिवाय केसांच्या तेलानं सीटच्या चामड्यावर डाग पडतो. "पुढच्या रविवारी जाऊं," राव म्हणत. समुद्रावर तर नाहीच. गाडी तांबरमच्या बाजूला, कोरड्या हवेत फिरून येई. सरोजाबाईंना फार काही नको होतं. त्या गाडीत बसून एकदा समुद्र बघायचा होता, एवढंच. ही इच्छा त्यांना आपली आपल्यालाच बालिश वाटे, आणि तरी ती जात नसे.

त्र्याऐंशी साली देवळाच्या पंगुनी उत्सवाच्या आधी रावांना काकांच्या श्राद्धाला कुंभकोणमला जावं लागलं. उत्सवात देवाचा रथ याच रस्त्यावरून जाई, म्हणून रथाच्या आदल्या रात्री परतून गाडी हलवायची, असं ठरलं होतं. पण बस वाटेत बंद पडली आणि रथाचा दिवस उजाडला तो रावांविनाच. चावी रावांच्या जानव्याला बांधलेली होती. घरात ठेवली तर हरवेल, ही त्यांची खात्री.

हवालदार राममूर्ती काठी आपटत गाडीपाशी आला. "अम्मा, वंडी काढा! रथ निघतोय. नाहीतर मी ओढून नेतो."

दोर लावून ओढली असती तर पुढचा पत्रा राहिला नसता. शेजारचे शेषगिरी चार माणसं घेऊन धावले. "अक्का, आम्ही ढकलतों. स्टिअरिंगचं चाक कोण धरील?"

सरोजाबाईंनी पदर खोचला आणि त्या चाकामागं जाऊन बसल्या. बारा वर्षं ओट्यावरून पाहिलेलं वाया जात नसतं. गिअरचा दांडा मधोमध आणला, ब्रेकची मूठ खाली सोडली, आणि गाडी हलली.

कोपऱ्यावर शेषगिरींनी विचारलं, "इथे ठेवूं?"

"नको, इथे गायी बसतात."

कचेरी रोडला लागल्यावर पुन्हा विचारलं.

"वर माड आहे की हो. नारळ पडला म्हणजे?"

पुढे एका झाडावर कावळे होते. त्याच्यापुढे पोरं क्रिकेट खेळत होती. सगळी कारणं रावांचीच होती, बाईंनी पदरचं एकही घातलं नाही. माणसं घामाघूम झाली, पण कारण खोटं आहे असं कुणाला म्हणता येईना. अशी ती गाडी सांथोमच्या वाळूपाशी जाऊन पोचली. तिथं माड नव्हता, गाय नव्हती, कावळाही नव्हता. सरोजाबाईंनी ब्रेक ओढला. ढकलणाऱ्यांना त्यांनी तिथल्याच हातगाडीवरचं ताक पाजलं, आणि मंडळी रथ ओढायला परत गेली.

राव दुपारी घरी आले. दारात गाडी नव्हती, तेलाचा डाग तेवढा होता. शेषगिरींनी दिशा दाखवली, तसे ते पिशवीसकट निघाले.

सरोजाबाई चाकामागं बसून कागदातली सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, खात होत्या. समोर समुद्र होता. त्यांना इतका आनंद झाला होता की नवरा दिसला तरी तो कमी झाला नाही.

रावांनी बॉनेटवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ बसलें," ते कळवळून म्हणाले. "काय केलेंस हें?"

"राखली. रथाखालीं गेली असती."

रावांनी जानव्याची चावी सोडली आणि त्या उठायची वाट पाहू लागले. त्या उठल्या नाहीत.

"चाकामागं मी बसलीय. तुम्ही तिकडून या."

 राव वळसा घालून गेले, हत्यारांची पेटी उचलली, ती मांडीवर घेऊन अवघडून बसले, आणि थकून डोकं मागं टेकणार इतक्यात सरोजाबाई समुद्रावरची नजर न काढता म्हणाल्या,

"मान पुढं धरा. तेल लागेल."