जागा धरू नका

"साहेब, जागा भेटली," फोनवर गोविंदराव म्हणाले. "बस पॅक होऊन राह्यली, पन मी पयलेच चढलो. एकदम मांगची शीट, खिडकीपाशी. कांतासाठी बाजूले रुमाल टाकून ठेवला."

मी म्हणालो, "छान." मग लक्षात आलं की हे छान नाही.

गोविंदराव तेव्हा मुंबईच्या विमानतळावर होते आणि मी यवतमाळला, माझ्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसात. पांढरकवडा डेपोतून कंडक्टर म्हणून ते नुकतेच रिटायर झाले होते. त्यांना आणि कांताबाईंना मी नागपूर–मुंबई–कोइमतूर असं तिकीट काढून दिलं होतं. दोघांचाही पहिला विमानप्रवास. कोइमतूरला त्यांची मुलगी वैशाली कापसावरच्या किडीचा अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला डॉक्टरेट मिळायची होती. आईवडिलांसाठी तिने सभागृहाचे दोन पास काढून ठेवले होते.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात विमानाने येणारे फार झाले होते. कापसाची पाहणी करायला समित्या यायच्या, पत्रकार यायचे, पऱ्हाटीजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि परतीचं तिकीट माझ्याकडून कन्फर्म करून घ्यायचे. इथून कोणी कापसासाठी विमानात बसतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणून या तिकिटाची मला जरा जास्त काळजी होती.

काळजी करायची पद्धत मात्र सुनंदाची. सुनंदा म्हणजे माझी बायको. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची. प्रत्येक प्रवाशाला ती स्वतःच्या अक्षरात सूचनांची चिठ्ठी द्यायची आणि खाली कार्बन ठेवून एक प्रत स्वतःकडे. ती आता नाही. कार्बनची पुस्तकं आहेत. गोविंदरावांच्या चिठ्ठीची प्रत समोर ठेवूनच मी हे लिहितो आहे. चौथी सूचना अशी आहे : "विमानातून उतरल्यावर बस असल्यास सर्वांत शेवटी चढा. दाराशी उभे राहा. जागा धरू नका."

हे जरा समजावून सांगतो. काही विमानं इमारतीला येऊन लागतात, तेव्हा माणूस पुलावरून चालत आत जातो. काही दूर मैदानात उभी राहतात, तेव्हा बस न्यायला येते. जाताना ज्या गेटवरून अशी बस सुटते, त्याला बस गेट म्हणतात. ते इतर गेटांपेक्षा आधी बंद होतं, कारण पुढे बसचा वेळ धरायचा असतो. आणि या बसमध्ये जो आधी चढतो तो गर्दीने आत ढकलला जातो. दार उघडलं की तोच सगळ्यांच्या मागे.

चिठ्ठी हातात घेताना गोविंदराव हसले होते. "वहिनी, विमानाचं सांगा. बसचं मले नका सांगू."

"कनेक्शनचं तरी ऐका," सुनंदा म्हणाली. "मुंबईत ऐंशी मिनिटं आहेत. पहिलं विमान लेट झालं तर दुसरं थांबत नाही."

"कंट्रोलरले सांगतलं तरी?"

"तिथं कंट्रोलर तुमच्या ओळखीचा नाही."

नागपूरचं विमान चाळीस मिनिटं लेट झालं. कोइमतूरचं चार पन्नासला सुटणार होतं आणि त्याचं गेट, तेही बस गेट, चार पंचवीसला बंद होणार होतं. गोविंदरावांचा फोन आला तेव्हा आमच्या भिंतीवर चार बारा झाले होते. त्या दिवशी कोइमतूरला जाणारं दुसरं विमान नव्हतं.

"अहो, द्या इकडे," सुनंदाने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "भाऊ, उठा. जागा सोडा."

"काहून? बुडी आत्ताच टेकली ना, वहिनी." कांताबाईंना ते बुडी म्हणत. त्या ऐकू येईल अशा अंतरावर असतानाच म्हणत.

"तेरा मिनिटांत गेट बंद होतं. वैशालीचा कार्यक्रम बघायचा आहे की खिडकी?"

मग गोविंदराव म्हणाले, "पन दारापर्यंत जाता येत नाई. मानसावर मानूस हाय."

"तीस वर्षं कसे जात होता?"

यानंतर जे ऐकू आलं ते आम्ही दोघांनी एका रिसीव्हरला कान लावून ऐकलं. गोविंदरावांनी फोन बहुधा खिशात टाकला होता. "चला, सरका. सरका थोडं. ओ टायवाले, ब्याग पायाखाली घ्या. ताई, पोट्टं कडेवर घ्या. चला, रस्ता द्या." आवाज अगदी त्यांच्या उमरखेडच्या एसटीतला. मुंबईच्या त्या बसमधल्या लोकांना भाषा किती कळली माहीत नाही, पण कंडक्टरचा आवाज देशात कुठेही कळत असावा. मधेच कांताबाई म्हणाल्या, "अवं, रुमाल राह्यला." गोविंदराव म्हणाले, "राहू दे." मग धप्प असा आवाज झाला आणि फोन कटला.

पुन्हा लावला तर बंद. सुनंदा मला म्हणाली, "तुम्ही 'छान' म्हणालात."

त्या दिवशी आम्हाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वैशालीचा फोन आला. आईबाबा तिसऱ्या रांगेत होते आणि बाबा आजूबाजूच्या लोकांना सरकायला सांगत होते.

दहाएक दिवसांनी गोविंदराव ऑफिसात आले. मुंबईत बसचं दार उघडलं तेव्हा समोर कोइमतूरच्या प्रवाशांना हाका मारत एक मुलगी उभी होती. हे दोघं सगळ्यांत पुढे होते. तिने त्यांना पळवत बस गेटला नेलं. शेवटची बस सुटायच्या बेतात होती, दाराशी दोन माणसांपुरती जागा होती. गोविंदराव तिथेच उभे राहिले, नाइलाजाने.

"वहिनी, तीस वर्षं लोकांले पुढं सरका, पुढं सरका म्हनलो," ते म्हणाले. "दाराशी उभं राह्यलेल्यायले शिव्या देल्या. अन् तुमी मले दाराशीच उभं केलं."

"आणि रुमाल?" सुनंदाने विचारलं.

"तो अजून जागा धरून असन."

पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून ते गेले. सुनंदाने चिठ्ठीतल्या चौथ्या सूचनेखाली त्या दिवसापासून दोन रेघा मारायला सुरुवात केली. पुढच्या सगळ्या कार्बनांवर त्या आहेत. मी गेले काही महिने रोज थोड्या चिठ्ठ्या वाचतो. घाई नाही.

तात्पर्य धंद्यापुरतंच आहे. त्या बसमध्ये जो नंतर चढतो, तो आधी उतरतो. सुनंदा माझ्याहून सात वर्षांनी लहान होती.