पांढऱ्या हातावरच्या निळ्या रेघा

मला ते सगळे आठवते. हे वाक्य लिहिण्याची वेळ माझ्यावर पूर्वी एकदा आली होती, तेव्हा मी ते लिहिले नाही. आज कोणी विचारलेले नसताना लिहितो आहे.

आधी आठवतो तो हात. प्लॅस्टरचा, कोपरात वाकलेला, आतून पोकळ. निवृत्तीनंतर पाली गावातल्या घरी दुपारी जेवून आडवा झालो की डोळा लागता लागता तो मला खाडीच्या पाण्यावर दिसतो. ओहोटीबरोबर समुद्राकडे सरकत असतो, बुडत नाही. काठावर मी युनिफॉर्ममध्ये उभा असतो. हातात पंचनाम्याचा कागद असतो आणि तो कोरा असतो. मग जाग येते. पंखा फिरत असतो, बाहेर कोणीतरी आंब्याखालचा पाला लोटत असते, आणि बराच वेळ मला कळत नाही की मी अजून नोकरीत आहे की नाही.

साल अठ्ठ्याण्णव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या तालुक्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. नावे कोणाचीच देत नाही. ज्याचा हात गेला तो मच्छीमार होता, स्वतःची होडी असलेला तांडेल. सगळे त्याला तांडेलच म्हणत, म्हणून मीही तेच लिहितो. त्याच्या बायकोला वाडीत भाभी म्हणत.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होडी पाण्यात लोटताना तांडेलाचा उजवा हात ओंडक्याखाली सापडला. हाड मोडले, मनगटाच्या वर जखमही झाली. तालुक्याच्या गावी हाडाच्या डॉक्टरचा खासगी दवाखाना होता. तिथे प्लॅस्टर घालून त्याला घरी पाठवले. चौथ्या दिवशी रत्नागिरीला नेऊन ते कापले, तेव्हा आतला हात काळानिळा पडला होता. प्लॅस्टर घट्ट बसून रक्त अडले होते. जीव वाचला, हात राहिला, पण बोटे आत वळून तशीच आखडली. दोर धरता येईना, सुकाणू धरता येईना, भाकरीचा तुकडाही मोडता येईना.

तांडेल आणि भाभी महिनाभराने ठाण्यात आले. तांडेल बाकावर बसून राहिला. बोलली ती भाभी.

"दुसऱ्या दिवशी गेलो, साहेब. बोटं सुजून ही अशी. डॉक्टर मुंबईला गेलेले. सिस्टरनं गोळी दिली. तिसऱ्या दिवशी परत गेलो. परत गोळी. आता म्हणतात, तुम्ही आलाच नाहीत!"

मी दवाखान्याचे कागद मागवून घेतले. त्यांत स्वच्छ अक्षरात लिहिले होते: दुसऱ्या दिवशी दाखवण्यास सांगितले, रुग्ण आला नाही. बाह्यरुग्णांच्या रजिस्टरातही त्या दोन दिवशी तांडेलाचे नाव नव्हते. डॉक्टर सभ्यपणे म्हणाले, "ही मंडळी ऐकतात का हो? पाण्यात काम करायचं, दुखायला लागलं की घरीच शेकत बसायचं." मला ते पटले. खरे सांगायचे तर ते मला सोयीचे वाटले.

नंतर एक दिवस त्याच दवाखान्यातली आया ठाण्यात आली. रेशनकार्ड हरवल्याचा दाखला हवा होता. ठाणे अंमलदार डायरीत नोंद करीत होता, तेवढ्यात ती माझ्या टेबलाशी वाकली.

"ते रजिस्टर नवं आहे, साहेब. जुनं बंबाखाली गेलं. मीच पाणी तापवलं त्यावर."

"जबाब देशील?"

"मी? माझं नाव घेतलंत तर सांगेन, साहेब प्यायलेले होते, काहीतरी ऐकलं त्यांनी." आणि दाखला घेऊन, पदर सावरून ती निघूनही गेली.

मी तांडेलाच्या वाडीत गेलो. केळशीच्या एसटीतून उतरून पुढे वाळूतून चालायचे. ऊन होते, पण समुद्रावरून धुरकट काहीतरी येत होते आणि त्यात होड्या जमिनीवर असून तरंगल्यासारख्या दिसत होत्या. तुमच्याकडे दवाखान्याचा काही कागद, चिठ्ठी, गोळ्यांचे पाकीट आहे का, असे मी विचारले. काही नव्हते. भाभी थोडी घुटमळली, मग माळ्यावरून जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आली.

ते प्लॅस्टर होते. रत्नागिरीला कापलेले.

"सासू म्हणत होती, पुरून टाक. फेकणार होते ते लोक तिकडे. मला फेकवेना. ह्यांचा धरता हात असाच होता ना, असा वाकलेला."

मी हसलो. हेही लिहून ठेवायला हवे. "भाभी, हा मुद्देमाल मी ठेवू कुठे? टोपी अडकवायला?"

ती हसली नाही. तिने तो हात खिडकीच्या उजेडात धरला. मनगटाजवळ प्लॅस्टरमधून रक्ताचा डाग बाहेर फुटला होता. त्या डागाभोवती निळ्या बॉलपेनने रेघ ओढली होती, आणि तिच्याबाहेर आणखी एक. भरतीचे पाणी उतरल्यावर वाळूवर राहतात तशा दोन रेषा, एकीच्या बाहेर दुसरी. प्रत्येक रेषेला चिकटून बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. पहिली तारीख दुसऱ्या दिवसाची. दुसरी तिसऱ्या दिवसाची.

मी खाली बसलो. दोन पंच बोलावले आणि तिथेच, माशांच्या टोपल्यांमध्ये बसून, त्या हाताचा जप्ती पंचनामा लिहिला.

सिस्टरला महिला कॉन्स्टेबलसोबत दिवसा ठाण्यात बोलावले. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. माझा अनुभव असा की पढवलेला माणूस तारीखवार नीट सांगतो. खरोखर घडलेले सांगणाऱ्याला कुठली एसटी चुकली ते आठवते. सिस्टर तारीखवार सांगत होती. मी आवाज चढवला नाही. जाळ्याचा तुकडा सोडला आणि तो पांढरा हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने वाकून निळ्या तारखा वाचल्या.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "डाग वाढतो का ते कळावं म्हणून रेघ मारायची, तारीख घालायची. शिकवलंय आम्हाला तसं. मी फोन केला होता सरांना, दोन्ही दिवस. प्लॅस्टर कापू का विचारलं. म्हणाले, हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो."

दवाखान्यातले सगळे कागद बदलले होते. पण हा एक कागद तांडेल हातावर घालून घरी गेला होता, आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

भारतीय दंड विधानाच्या कलम ३३८ खाली, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा मी दाखल केला. तांडेलाच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड दिसला. गुन्हा दाखल झाला याचा त्याला फार आनंद नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता: "म्हणजे आता कागदावर आलं ना, मी गेलो होतो ते?" वाडीत त्याला आळशी म्हणत होते. वेळेवर दाखवले असते तर हात गेला नसता, असे त्याचे सख्खे भाऊही म्हणत.

इथपर्यंतची हकिकत मी बऱ्याच जणांना रंगवून सांगितली आहे. पुढची कोणालाच सांगितलेली नाही.

काही दिवसांनी भाभी वाडीतल्या निवृत्त गुरुजींना घेऊन ठाण्यात आली. गुरुजींची तिथे आंब्याची बाग होती आणि ते कायद्याची पुस्तके वाचत. ते म्हणाले, "साहेब, फी देऊन उपचार घेतला म्हणजे तांडेल ग्राहक झाला. जिल्ह्याच्या ग्राहक मंचाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. वकीलही लागत नाही. मात्र घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते."

मी खुर्चीत मागे रेललो. प्लॅस्टर मी शोधले होते, केस माझी होती.

"गुरुजी, एका गावाला जायला तुम्ही दोन एसट्या धरता का? दोन ठिकाणी गेलात की समोरचा वकील म्हणेल, यांना शिक्षा नको, पैसे हवेत. आधी माझी केस होऊ दे. दोन वर्षं कसली, सहा महिन्यांत उभी करतो."

"पण साहेब, दोन्ही वाटा वेगळ्या..."

"तुम्ही आंबे सांभाळा, गुरुजी."

भाभी हसली. "साहेब बोलतात ना, मग थांबू."

माझे म्हणणे चूक होते. गुन्ह्याचा तपास चालू असताना ग्राहक मंचाकडे जायला कायद्याची आडकाठी नव्हती. राज्याच्या वैद्यक परिषदेकडेही त्याच वेळी तक्रार करता आली असती. हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणणे माझ्या खुर्चीला जमले नाही.

डॉक्टरवर दोषारोप ठेवण्यापूर्वी वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीचा अभिप्राय हवा होता. तो मागवला. स्मरणपत्रे पाठवली. पुढच्या वर्षी माझी सावर्ड्याच्या बाजूला बदली झाली. महामार्गावरचे अपघात, ट्रकच्या काचा, नव्या माणसांचे नवे जबाब. तो पांढरा हात तिकडे मुद्देमालाच्या खोलीत फळीवर राहिला. अभिप्राय आला तेव्हा दोन वर्षे उलटून काही महिने झाले होते. उपचारात चूक दिसते, परंतु फौजदारी गुन्हा ठरावा इतका घोर निष्काळजीपणा म्हणता येत नाही, असे त्यात होते. केस बंद करण्याचा अहवाल कोर्टात गेला. मुद्देमाल निरुपयोगी म्हणून नष्ट केल्याचे मला नंतर कळले.

मग गुरुजी सावर्ड्याला आले. एका सकाळी, खांद्याला कापडी पिशवी. ते चिडलेले नव्हते, हे मला अजून खटकते.

"मंचाकडे अर्ज केलाय, साहेब. उशीर झालाय, पण उशिराला सबळ कारण असेल तर मंच तो माफ करू शकतो. कारण तुम्ही आहात. पोलिसांनी थांबायला सांगितलं म्हणून थांबलो, एवढं तुम्ही लिहून दिलंत तर पुरे. दोनच ओळी."

"ठेवून जा," मी म्हणालो.

माझे नाव तेव्हा बढतीच्या यादीत होते. मी एका वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, "कशाला अंगावर घेता? उद्या विचारतील, हा सल्ला कोणत्या अधिकारात दिलात?" मी दोन दिवस कागद खणात ठेवला. तिसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिले: 'सदर इसमांना मी असा काही सल्ला दिल्याचे मला स्मरत नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

मंचाने उशीर माफ केला नाही. दवाखान्यात काय घडले, तिथपर्यंत सुनावणी पोहोचलीच नाही. मंचाचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर माझा कागद होता.

डॉक्टरने कागद बदलले होते हे उघड करून मी त्याच्यावर गुन्हा दाखल केला होता. मग मी काय केले?

पुढे इन्स्पेक्टर झालो. एकदा बंदोबस्तासाठी त्या किनाऱ्याला जाणे झाले आणि पाय आपोआप वाळूकडे वळले. हिवाळ्यातली दुपार, समुद्र अगदी गप्प. तांडेल दारात जाळे दुरुस्त करीत होता. पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरलेले, डाव्या हातात सुई, उजवा हात मांडीवर, कोपरात वाकलेला.

"साहेब! बसा, बसा. चहा टाक गो, साहेब आले."

मी बसलो. तो इकडचे तिकडचे बोलला. मग जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, "हाताचं काय नाय, साहेब. अल्लाची मर्जी. पण मुलीच्या सासरी पण हेच सांगतात, बाप आळशी, वेळेवर गेला नाही. तुम्ही बघितलं होतं ना, निळं लिहिलेलं?"

"बघितलं होतं," मी म्हणालो.

"आठवतंय ना?"

"आठवतंय."

आतून कपबशीचा आवाज थांबला. भाभी चहा घेऊन दारात आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "बघा. आता आठवलं साहेबांना."

तो चहा मी प्यायलो. कसा प्यायलो ते मात्र खरोखर आठवत नाही.

या केसने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी सांगतो: उपचारात इजा झाली तर दवाखान्यातले कागद त्याच आठवड्यात लेखी मागा. पोलीस, ग्राहक मंच आणि वैद्यक परिषद हे तीन वेगळे दरवाजे आहेत. एक उघडेपर्यंत दुसरा ठोठावायचे थांबू नका, आणि मुदत किती आहे ते माहीतगाराला विचारा. खाकी वर्दीतला कोणी थांबा म्हणाला, तर त्याला ते कागदावर लिहून द्यायला सांगा. लिहून देणार नाही तो.

तांडेल अजून आहे. वाडीत हे कोणीतरी मोठ्याने वाचेल, म्हणून पुढचे सोप्या शब्दांत लिहितो.

कोणी न विचारता, स्वखुशीने जबाब लिहून देतो की, तांडेल दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला होता. तिसऱ्या दिवशीही गेला होता. त्याच्या हातावर दोन निळ्या रेघा आणि दोन तारखा होत्या, त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याची बायको मंचाकडे वेळेत जाणार होती. तिला थांबा असे मी सांगितले. मला स्मरत नाही असे मी लिहून दिले होते ते खोटे आहे. मला तेव्हाही आठवत होते. जबाब मी स्वतः वाचून पाहिला, तो बरोबर आहे.