विहीणपंगतीतली भाकरी

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरल्याचा फोन आला. "आजी, डॉक्टर म्हणतात साखर बॉर्डरवर आहे," हे त्याने परीक्षेत नापास झाल्याच्या आवाजात सांगितले. वर म्हणाला, "ऑफिसात रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो. केक नको म्हटलं की लोकांना वाटतं, मला राग आलाय." मला इतके हसू आले की फोन तुमच्या आजोबांच्या हातात द्यावा लागला. त्या हसण्याचा खुलासा तुम्हा सगळ्यांना द्यायला हवा, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या आईबाबांच्या लग्नाचे वर्ष. मला सारखा थकवा यायचा, म्हणून इथल्या, नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, "बाई, आजार अजून झालेला नाही. साखरेचा ट्रक शहराबाहेर वाडीच्या नाक्यावर येऊन उभा आहे. शहरात घ्यायचा की परत पाठवायचा, हे तुमच्या हातात." औषध काही दिले नाही. गोड बंद, चहा बिनसाखरेचा, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, आणि जेवण झाले की चालणे. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, नियम म्हटले की मला हुरूप येतो. बिनसाखरेचा चहा आधी काढ्यासारखा लागला. पुढे साखरेचा चहाच पाकासारखा लागू लागला. चालायला तुमचे आजोबा सोबत निघत, ते कोपऱ्यावरच्या पुलियापर्यंत, नाल्यावरच्या छोट्या पुलापर्यंत. तिथे बसून म्हणत, "तू ये जाऊन. मी इथे रस्त्यावर लक्ष ठेवतो."

माझ्या सासूबाईंनी मात्र बजावले होते, "सून घरी येईपर्यंत साखरेचं नाव काढू नको वं. लोक म्हणतील, पोराच्या घरात रोग आहे." मी कबूल केले.

लग्न तुमच्या आजोळी, काटोलला झाले. दुसऱ्या दिवशी विहीणपंगत, म्हणजे मुलीकडच्यांनी वरमाईला मानाने जेवू घालायचे. माझ्या पाटाभोवती रांगोळी, समोर चांदीचे ताट, शेजारी सासूबाई. तुम्हाला ठाऊक नसेल, त्या काळी पंगतीत वरमाई जेवली नाही तर ती रुसली असाच अर्थ होई. तो रुसवा तिथल्या तिथे निघाला नाही, तर नव्या सुनेला तो जन्मभर पुरे.

जिलबी आली. मी ताटावर आडवा हात धरला.

"काहून जी, विहीणबाई?" वाढायला वाकलेली तुमची काटोलची आजी म्हणाली. "काही चुकलं काय आमचं?"

"छे हो. पोट भरलं."

"अजून घास नाही उचलला, अन् पोट भरलं?"

मी जितके 'तसं नाही हो' म्हणावे, तितका माझा रुसवा भारी ठरत गेला. एक मामा बॅण्ड उशिरा आल्याची माफी मागून गेले. कुणा मावशीने एक जास्तीचे लुगडे माझ्या मांडीवर आणून ठेवले. शेवटी व्याही स्वतः टोपी हातात घेऊन समोर उभे राहिले. सासूबाईंना हे सगळे फार आवडत होते. जिलबी खाता खाता त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "अजून ताण वं. चांदीचा तांब्या येते पाह्य आता!"

तेवढ्यात मला दारात तुमची आई दिसली. हिरवा शालू, कपाळावर मळवट, आणि डोळे काठोकाठ भरलेले. आपण कुठल्या घरात जाऊन पडलो, हे ती माझ्या आडव्या हातावरून ठरवत होती. चांदीचा तांब्या मला तिथेच नकोसा झाला. तुमच्या काटोलच्या आजीला मी जवळ ओढले आणि कुजबुजले, "राग नाही हो. माझी साखर वाढायला लागलीय. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. मला नुसती भाकरी असेल तर द्या."

"बस, येवढंच?" ती मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मले वाटलं, पोरगी पसंत नाही तुमाले!"

माझ्यासाठी आणलेली जिलबी तिने सासूबाईंच्या ताटात टाकली आणि मागच्या चुलीकडे गेली. तिथे घरच्या बायकांनी आपल्यापुरत्या भाकरी थापल्या होत्या. त्यातली एक गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा तिने माझ्या चांदीच्या ताटात आणून वाढला. मी तुकडा मोडला.

आता आमची बाजू उठली! "वरमाईला भाकरी?" "हा काय मान झाला?" आणि सगळ्यांत वरचा आवाज सासूबाईंचा: "आमच्या सुनेले भाकरी वाढता? शेतावर कामाला आली काय ती?"

वर्गात गोंगाट झाला की माझा एक आवाज आपोआप लागायचा. तोच लागला. "आई, खाली बसा. मला साखर होऊ घातलीय आणि भाकरी मीच मागितलीय."

सासूला 'खाली बसा' मी पहिल्यांदाच म्हटले होते. मग दारातून कुणीतरी फिसकन हसले. तुमची आईच होती ती! नव्या नवरीने असे हसणे शोभत नव्हते, पण त्यावर रागवायचे त्राण कुणातच उरले नव्हते. सासूबाई बसल्या आणि माझ्या वाटणीची जिलबीही त्यांनी संपवली. रोगी घर वगैरे कुणी म्हटले नाही. उलट हात धुताना दोन बायका हळूच विचारून गेल्या, "डॉक्टर कोणते हो?"

तेव्हा थोरल्या, पोट भरलंय म्हणू नकोस. पोट भरलंय यावर आपल्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, तुझ्या ऑफिसातही ठेवत नसतील. खरे कारण सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांग, आणि जेवण झाले की चालायला जा.

काटोलची आजी आता नाही. पण ती असेपर्यंत बसने नागपूरला आली की रात्री जेवणानंतर आम्ही दोघी चालायला जायचो. त्या पंगतीपासून दोन्ही घरांतल्या लग्नांत विहिणीच्या ताटात जिलबीच्या आधी भाकरी वाढतात, ती रीत अजून चालू आहे. आणि रात्रीचे चालणेही माझे सुटलेले नाही.