आधीच्या गोळ्या

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे मागून ‘उलटतपासणी’ म्हणत. घरी निघालेल्या पेशंटकडून औषधं पाठ म्हणून घेतल्याशिवाय त्या त्याला जिना उतरू देत नसत. माणूस पिशव्या भरून उभा, खाली रिक्षा ताटकळलेली, आणि या आपल्या विचारतायत, “सकाळची कोणती? सांगा बघू.” पेशंट दारातून बाहेर पडला की आपलं काम संपलं, हे त्यांना कधी पटलंच नाही.

मंगळवारी दुपारी घरी निघालेल्या एकीचं औषधांचं कार्ड लिहिताना त्यांचं पेन अडलं. ‘आधीच्या गोळ्या चालू ठेवा.’ आधीच्या म्हणजे कुठल्या? रविवारी घरी गेलेल्या शिंपीकाकांच्या कार्डावरही त्यांनी हेच लिहिलं होतं. डॉक्टरांना म्हणायचं होतं, साखरेच्या गोळ्या. पण काका घरी रक्त पातळ करणारी गोळीही घेत, आणि इथून दिलेली नवी गोळी तीच होती, फक्त कंपनी वेगळी, नाव वेगळं. दोन्ही पोटात गेल्या तर रक्त थांबायचं नाही. काकूंनी ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं होतं, आणि वर सिस्टर “शाब्बास!” म्हणाल्या होत्या.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मात्र त्यांचा धीर सुटला. उरलेली ड्युटी धाकट्या नर्सच्या गळ्यात टाकून त्या युनिफॉर्मवरच रिक्षात बसल्या. आज मेला प्रत्येक सिग्नल लाल.

“अहो, दामटा की जरा!”

“उडवू का आता रिक्षा, ताई?”

घरी काका खिडकीपाशी बसले होते, हनुवटीला फडकं धरून. फडकं लालभडक. “दाढी करताना कापलं हो. सकाळपासून थांबायचं नाव नाही.”

“फोन कुठाय तुमचा?”

“आत चार्जिंगला.”

काकूंनी दोन पाकिटं पुढे केली. “दोन्ही देतेय, अगदी न चुकता.”

सिस्टरनी दोन्ही पाकिटं उचलली. त्याच रिक्षातून त्यांनी दोघांना दवाखान्यात आणलं. इंजेक्शन झालं, तपासण्या झाल्या, तासाभराने रक्त थांबलं. डॉक्टरांनी पाकिटं पाहिली आणि म्हणाले, “घरच्यांनी घोटाळा केलेला दिसतोय.”

“माझंच डोकं चालत नाही,” म्हणत काकू रडायला लागल्या. “जिवावर उठले मी यांच्या.”

गप्प बसणं फार सोपं होतं. बावीस वर्षांचं नाव होतं, आणि विचारायला कोणी येणार नव्हतं. सिस्टरना आपल्या मनात हे आलं याचीच शरम वाटली.

“काकू, कार्डावर होतं तेच तुम्ही केलंत. ते मी लिहिलं होतं. चूक माझी आहे.”

काकूंनी पदराने डोळे पुसले.

“मग आता मी कुणाचं ऐकायचं, सिस्टर?”