वीरूच्या टेबलावरचा लबाड

दुर्गाबाईला पत्ते कोणी शिकवले नाहीत, ते तिच्या अंगातच होते. तिरोडीच्या माहेरी दिवाळीत बाया पदर खोचून तीन पत्ती खेळायच्या, आणि ही एवढीशी पोर सगळ्यांच्या शेंगा जिंकून घ्यायची. पुढे लग्न होऊन बालाघाटला आली. नवरा गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करून तिनं एकुलत्या वीरेंद्रला वाढवलं. पोरगा शिकला, हैदराबादला गेला, आणि गेला तो गेलाच म्हणा. फोन लावला की, "आई, कामात आहो." झालं, संपलं बोलणं! संध्याकाळी घर तिला खायला उठायचं.

पैसे लावून पोकर खेळायची ॲप अजून बंद झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एक दिवस पुतणी खुशी मोबाइल घेऊन आली. "बडी मां, भैया तो रोज शाम को इसमें खेलता है. ये देखो, उसी का नाम."

आईशी बोलायला वेळ नाही आणि पत्ते कुटायला आहे! दुर्गाबाईला आधी राग आला. मग हळूच म्हणाली, "मले पन बसव ना तेथं."

खुशीनं तिचं खातं काढून दिलं, कोणी ओळखणार नाही अशा नावानं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती वीरूचं टेबल शोधून बसायची. ना त्याचा चेहरा, ना आवाज. पण त्यानं डाव लावायला उशीर केला की तिला कळायचं, आता विचारात पडला. घाईनं लावला की, आता चिडला. जेवला असेल का, हेही मनात यायचंच.

बाकीच्यांचे पैसे ती बिनदिक्कत जिंकायची. समोर वीरू उरला की मात्र हातात एक्के असोत की राजे, पत्ते न दाखवताच डाव सोडून मोकळी. पोटच्या पोराला हरवायचं कसं? आता याला माया म्हणा, पण त्या टेबलावर आणखी चारजण पैसे लावून बसलेले, त्यांच्या दृष्टीनं ही सरळ बेइमानी होती. तिलाही ते कळत होतं, पण वळत नव्हतं.

एका संध्याकाळी खातं उघडेना. खुशीनं वाचून दाखवलं, खेळात लबाडीचा संशय, खातं बंद. दुर्गाबाई त्या दिवशी जेवली नाही.

रविवारी वीरूचा फोन आला, आपणहून.

"आई, ऑनलाइनमधी कोनाचा भरोसा नाही राह्यला. एकजन होता आमच्या टेबलावर. साऱ्यायले लुटे, अन् माह्यासमोर आला का पत्ते फेकून दे. कंपनीची मशीनच असन. आधी जिंकू देते, मंग साफ करते. मीच तक्रार केली त्याची."

दुर्गाबाईच्या अगदी ओठांवर आलं, अरे बावळटा, ती मी होती. पण वीरू बोलत होता. त्या लबाडानं कोणता डाव कसा सोडला, दुसऱ्यांना कसं नागवलं, सगळं सांगत होता, मध्येच चिडत होता, मध्येच हसत होता. कित्येक महिन्यांत पोरगा इतका बोलला नव्हता. खरं सांगितलं तर गोष्ट तिथंच संपेल आणि हा फोन ठेवून देईल.

तिनं पदर डोळ्यांना लावला, आवाज सावरला.

"मोठा चोट्टा होता रे बाप्पा," ती म्हणाली. "आनखी काय काय करे तो? सांग ना."